दियत्रफेस आणि पालक-शिक्षक संघ

आजचे वाचन : ३ योहान (पूर्ण पत्र)
सोबत वाचा : प्रेषितांची कृत्ये १:१५-२६, २ करिंथ ८:१६-२१



योहानाचं तिसरं पत्र म्हणजे नव्या करारातल्या सगळ्यात छोट्या पत्रांपैकी एक. चहा थंड व्हायच्या आत वाचून होतं. बहुतेक वेळा आपण त्यातली गायसाच्या प्रकृतीची आणि भरभराटीची प्रार्थना घेतो, वाढदिवसाच्या शुभेच्छांमध्ये ती टाकतो आणि पुढे जातो. पण पत्राचा गाभा मधल्या दोन वचनांत आहे, नववं आणि दहावं. तिथे एका माणसाचं नाव येतं, दियत्रफेस.

आज या भागावर थांबायचं कारण सांगतो. आमच्या प्रार्थना गटातल्या एका ताईंनी मागच्या आठवड्यात एक विषय मांडला. त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील वगळून लिहितो आहे. नागपुरातलीच एक खाजगी शाळा. तिथल्या पालक-शिक्षक संघात एक पालक गेली चार वर्षं सलग उपाध्यक्ष आहेत. त्यांना कुणी निवडलं, हे कुणालाच नीट ठाऊक नाही. स्नेहसंमेलन, सहल, शिक्षक दिन, सगळ्याची वर्गणी त्यांच्याच मोबाइलवर, त्यांच्याच यूपीआयवर जमा होते. ताईंनी ग्रुपवर साधं विचारलं, "दादा, मागच्या वर्षीचा हिशोब एकदा टाकाल का?" उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी ताई ग्रुपमधून बाहेर. मग "त्यांचीच फी थकली आहे, म्हणून बोंब मारतात" अशी कुजबुज सुरू झाली, जी खोटी होती. ज्या दोन पालकांनी ताईंच्या मेसेजवर अंगठा दाखवला होता त्यांना फोन गेले. आणि शेवटी ताईंच्या मुलीचं समूहनृत्यातलं नाव कमी झालं. मुलगी चौथीत आहे. तिने घरी येऊन विचारलं, "आई, मी काय केलं?"

ताईंचा प्रश्न असा होता : ख्रिस्ती माणसाने इथे गप्प राहावं की बोलावं? आणि बोलायचं तर कसं, म्हणजे पोरीला त्रास होणार नाही?

आता दहावं वचन या घटनेशेजारी ठेवून वाचा. वडील, म्हणजे योहान, दियत्रफेसाबद्दल काय काय सांगतो? तो आमचं ऐकत नाही, पत्राला जुमानत नाही. आमच्याविरुद्ध वाईट शब्दांत बडबड करतो. तेवढ्यावर न थांबता आलेल्या बंधूंना स्वतः स्वीकारत नाही. जे स्वीकारायला तयार आहेत त्यांना अडवतो. आणि त्यांना मंडळीतून बाहेर घालतो. पत्राला उत्तर नाही, बदनामी, नकार, इतरांवर दबाव, हकालपट्टी. पहिल्या शतकातली मंडळी आणि आजचा व्हॉट्सॲप ग्रुप यांत क्रमसुद्धा फारसा बदललेला नाही.

लक्षात घ्या, योहान त्याच्यावर खोट्या शिकवणीचा आरोप करत नाही. दुसऱ्या पत्रात आणि पहिल्यात तो खोट्या शिक्षकांबद्दल स्पष्ट बोलतो, शब्द राखून ठेवत नाही. इथे मात्र शिकवणीचा मुद्दाच नाही. दियत्रफेस कदाचित खूप कामाचा माणूस असेल. कदाचित मंडळी त्याच्याच घरी जमत असेल, पाणी-दिवा सगळं तोच बघत असेल. त्याचा दोष योहान एकाच शब्दात सांगतो. मूळ ग्रीकमध्ये तो शब्द नव्या करारात फक्त याच ठिकाणी येतो, आणि त्याचा अर्थ आहे पहिलं असण्याची आवड. त्यात पैशाचा किंवा व्यभिचाराचा उल्लेखही नाही, फक्त पहिल्या जागेची आवड, आणि त्या आवडीतून बाकी सगळं आलं.

म्हणूनच असा माणूस ओळखायला वेळ लागतो. तो मेहनती असतो. पालक सभेला सगळ्यांच्या आधी येतो, मंडपवाल्याशी बोलतो, मुख्याध्यापकांना सोयीचा वाटतो कारण एकाच फोनवर काम होतं. बाकीचे पालक नोकरी, ट्यूशन, घर यांत दमलेले. "दादा करतात ना, करू द्या." खुर्ची त्याने बळकावली हे खरं, पण ती बाकीच्यांनी मोकळीही सोडली होती.

आता योहान काय करतो ते बघू, कारण ताईंच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. तो चिडून दियत्रफेसाला शाप देत नाही, आणि "प्रभू बघून घेईल" म्हणून सोडूनही देत नाही. तो म्हणतो, मी आलो की त्याची कृत्ये काढीन. शब्द बघा, कृत्ये. त्याचा स्वभाव, त्याची पत्नी, त्याचं खानदान, यातलं काही नाही. त्याने जे केलं ते, सगळ्यांसमोर. आणि पत्राच्या शेवटी तो म्हणतो की लिहायला पुष्कळ आहे, पण शाई आणि लेखणीने नको, समोरासमोर बोलू. आजच्या भाषेत सांगायचं तर ग्रुपवर लांबलचक मेसेज नको, सभेत या.

मला वाटतं, आपली गाडी इथेच घसरते. आपण कृत्यांऐवजी माणसावर बोलतो, आणि सभेऐवजी ग्रुपवर. "हा माणूस चोर आहे" हे वाक्य सिद्ध करता येत नाही आणि उलट आपल्यावरच येतं. "अमुक तारखेपर्यंत जमा झालेल्या वर्गणीचा जमाखर्च सभेपुढे ठेवला गेला नाही" हे वाक्य खोडता येत नाही. दुसऱ्या वाक्यात राग कमी आहे, पण वजन जास्त आहे.

काही जण म्हणतील, मत्तय १८ प्रमाणे आधी एकट्याने जाऊन बोलायला नको का? जरूर बोलावं, आणि ताईंनी ते केलं होतं, दोनदा. पण दोन गोष्टी विसरू नका. पालक-शिक्षक संघ ही मंडळी नाही. तिथे सगळ्या धर्मांचे पालक आहेत आणि तो कायद्याने बनलेला आहे. दुसरं, प्रभूने सांगितलेल्या त्या क्रमात पहिली पायरी एकांताची असली तरी शेवटची सर्वांसमोरची आहे. "आपसात मिटवा, बाहेर नको" हे वाक्य जेव्हा लोकांच्या पैशाबद्दल किंवा लेकरांच्या सुरक्षेबद्दल बोललं जातं, तेव्हा मत्तय १८ चा आधार घेऊ नये. आणि कुणी लेकराच्या अंगाला हात लावल्याची शंका असेल तर हा सगळा क्रमच लागू नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, शाळेच्या समितीपुढे आधी जाणं नाही. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे.

आता कायद्याची गोष्ट. यात मला शास्त्राचा एक सुंदर धागा सापडला, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११ हा आपल्या राज्यातला कायदा. २०१४ चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक ७. नाव फीचं असलं तरी त्याच्या चौथ्या कलमात पालक-शिक्षक संघ कसा असावा ते लिहिलं आहे. शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांच्या आत मुख्याध्यापकांनी संघ स्थापन करायचा. शाळेतल्या प्रत्येक विद्यार्थ्याचे पालक आपोआप सदस्य. मग कार्यकारी समिती : अध्यक्ष मुख्याध्यापक, उपाध्यक्ष पालकांमधून, सचिव शिक्षकांमधून, दोन सहसचिव पालकांमधून, शिवाय प्रत्येक इयत्तेचा एक पालक आणि एक शिक्षक. निम्म्या महिला. मुदत एक शैक्षणिक वर्ष, आणि एकदा समितीत आलेल्या पालकाचं नाव लगेच पुढच्या वर्षी पुन्हा टाकता येत नाही. समितीची यादी सूचना फलकावर लावायची. तीन महिन्यांतून किमान एकदा बैठक.

आणि ही समिती निवडायची कशी? चिठ्ठ्या टाकून. सोडत काढून.

हे वाचलं तेव्हा मी सरळ प्रेषितांची कृत्ये पहिला अध्याय उघडला. यहूदाची जागा रिकामी आहे. योसेफ बर्सबा, ज्याला युस्त म्हणत, आणि मत्थिया अशी दोन नावं पुढे येतात. आधी पात्रता बघतात, म्हणजे बाप्तिस्म्यापासून स्वर्गारोहणापर्यंत सोबत असलेला माणूस हवा. मग प्रार्थना. मग चिठ्ठ्या. चिठ्ठी मत्थियाला निघते. नीतिसूत्रेही सांगतात की चिठ्ठी पदरात टाकली जाते पण निर्णय परमेश्वराचा (१६:३३), आणि चिठ्ठीमुळे बलवान लोकांचे वाद मिटतात (१८:१८). यावरून मला काही सिद्धांत काढायचा नाही. पेन्टेकॉस्टनंतर प्रेषितांनी पुन्हा चिठ्ठ्या टाकल्याचं कुठे लिहिलेलं नाही, आणि सहाव्या अध्यायात सात जणांना लोकांनीच निवडलं. पण चिठ्ठीचा एक गुण मला फार आवडतो. जिला निघाली ती व्यक्ती "मी जिंकलो" म्हणू शकत नाही, आणि जिला नाही निघाली तिचा पराभव होत नाही. युस्ताने वेगळा गट काढला असं कुठे दिसत नाही. पहिल्या जागेची आवड असलेल्याला चिठ्ठी सगळ्यात जास्त खुपते, कारण त्याच्या धडपडीला तिथे काही किंमतच नाही.

कायदा करणाऱ्यांनी तो अध्याय वाचून हे लिहिलं असेल असं मी म्हणत नाही. पण ज्यांनी लिहिलं त्यांना दियत्रफेस माहीत होता, एवढं नक्की.

म्हणजे ताईंच्या शाळेत प्रश्न एका दादांच्या स्वभावाचा उरतच नाही. चार वर्षं एकच पालक उपाध्यक्ष, याचा अर्थ चार वर्षं सोडत झालेली नाही किंवा कागदावर झाली आहे. विचारायचं तर मुख्याध्यापकांना विचारायचं, कारण समितीचे अध्यक्ष ते आहेत आणि संघ स्थापन करणं त्यांचं काम आहे. "सोडत कोणत्या तारखेला झाली? यादी फलकावर कधी लागली? मागच्या बैठकींचं इतिवृत्त बघायला मिळेल का? वर्गणी गोळा करायचा ठराव कोणत्या बैठकीत झाला आणि जमाखर्च कुठे आहे?" बस एवढं, एका पानावर, आदरपूर्वक. दोन प्रती न्यायच्या, एकीवर शाळेच्या कार्यालयाचा आवक शिक्का आणि तारीख घ्यायची. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवायचं. उत्तर आलं नाही तर तीच प्रत जोडून शिक्षणाधिकाऱ्यांकडे. आपल्याकडे त्यासाठी सिव्हिल लाइन्सला जिल्हा परिषदेत जावं लागतं. विषय फीचा असेल तर विभागीय शुल्क नियामक समिती आहे, पण कायद्यातल्या नंतरच्या दुरुस्तीप्रमाणे तिथे एकट्या पालकाला जाता येत नाही, किमान २५ टक्के पालकांनी मिळून जावं लागतं.

ही २५ टक्क्यांची अट अनेकांना जाचक वाटते, आणि ती जाचक आहेच. नोकरदार माणसाने शंभर-दोनशे घरं कधी फिरायची? तरी त्यात एक गोष्ट बघा. योहानाच्या पत्रात दियत्रफेसानंतर लगेच तिसरं नाव येतं, देमेत्रिय. त्याची ओळख एकच : सगळ्यांनी त्याच्याविषयी चांगली साक्ष दिली आहे, सत्यानेही, आणि आम्हीही देतो. दियत्रफेस एकटा पुढे आहे. देमेत्रियाच्या मागे पुष्कळ साक्षी आहेत. ताईंच्या मुलीचा प्रश्नही इथेच थोडा सुटतो. एकटी आई बोलली तर एकाच लेकराला झळ लागते. चाळीस आयांच्या सह्या असल्या तर कुठल्या लेकराचं नाव नाचातून काढणार? आम्ही त्यांना सुचवलं की सह्या एकाखाली एक घेऊ नका, कागदावर गोल घ्या, म्हणजे पहिली सही कुणाची हा प्रश्नच येत नाही. ताई हसल्या. चार दिवसांनी तेवीस सह्या झाल्याचा निरोप आला. ज्या दोघांना फोन गेले होते त्यांच्याही आहेत.

"पण आपण ख्रिस्ती, आपण सोसायचं असतं" असं गटातले एक काका म्हणाले. वयाने मोठे आहेत, मनापासून म्हणाले, आणि त्यांच्या सोसण्याबद्दल मला आदर आहे. तरी पौल बघा. फिलिप्पै शहरात त्याला आणि सीलाला चौकशी न करता फटके मारले, तुरुंगात टाकलं. सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप पाठवला, गुपचूप निघून जा. पौल गेला नाही. आम्ही रोमी नागरिक आहोत, उघडपणे मारलं आणि आता गुपचूप घालवता काय, त्यांनी स्वतः यावं, असं तो म्हणाला (प्रे. कृत्ये १६). रात्रभर ज्याने स्तोत्रं गायली तोच माणूस सकाळी आपला हक्क सांगतो. त्याला भरपाई नको होती. मला वाटतं, मागे राहणाऱ्या लुदियाच्या आणि त्या नव्या मंडळीच्या वाट्याला तेच येऊ नये, हा त्याचा विचार असावा. स्वतःवरचा अन्याय सोसणं ही एक गोष्ट. चौथीतल्या पोरीवरचा अन्याय तिच्या वतीने आपण सोसून टाकणं ही दुसरी, आणि ती करायला आपल्याला कुणी सांगितलेलं नाही.

पैशाबद्दल एक शेवटचं, कारण सगळ्यात जास्त भांडण तिथे होतं. २ करिंथ ८ मध्ये पौल यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करतो आहे. रक्कम मोठी. पौलापेक्षा विश्वासू माणूस कोण? तरी तो एकटा ती नेत नाही. तीताबरोबर आणखी बंधू पाठवतो, त्यातला एक तर मंडळ्यांनी नेमलेला, आणि कारण सांगतो की या दानाबाबत कुणी आम्हाला दोष देऊ नये. देवापुढेच नाही तर माणसांपुढेही जे योग्य ते करायचं आहे. शमुवेल म्हातारपणी सगळ्या इस्राएलापुढे उभा राहून विचारतो, मी कुणाचा बैल घेतला, कुणाचं गाढव घेतलं, सांगा (१ शमुवेल १२). हिशोब मागितला म्हणजे अपमान झाला असं या दोघांनाही वाटत नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले लोक, आमच्याकडे कुणी काय बदललं, कधी बदललं, याची नोंद आपोआप होते, मग तो नवा पोरगा असो की वीस वर्षांचा अनुभवी. नोंद होते म्हणून कुणी रागावत नाही. उलट काही बिघडलं तर तीच नोंद प्रामाणिक माणसाला वाचवते. शाळेच्या वर्गणीलाही एवढंच हवं : खातं संघाचं, सह्या दोघांच्या, आणि कार्यक्रम झाला की आठवडाभरात बिलांसकट एक पान फलकावर.

दादांबद्दलही प्रार्थना करा. हे मी शिष्टाचार म्हणून लिहीत नाही. योहान गायसाला सांगतो की वाईटाचं अनुकरण करू नको. लढता लढता आपणही तसेच होण्याचा धोका असतो, म्हणून ते लिहिलं असावं. दादांना काढून ताईंनी चार वर्षं उपाध्यक्ष व्हायचं, असा हा विषय नाही. ताईंनी सभेत एवढंच मागायचं ठरवलं आहे की या वर्षीची सोडत सगळ्यांसमोर, डब्यातून चिठ्ठी काढून व्हावी, आणि चिठ्ठी शाळेतल्या सगळ्यात लहान पोराने काढावी. दादांनी चार वर्षं केलेल्या कामाचे आभारही त्याच सभेत मानायचे, असंही ठरलं आहे. यावर गटात बराच वाद झाला. दोघींना ते पटलं नाही. मला पटलं.

विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तेव्हा ३० दिवसांची मुदत जुलैच्या शेवटाकडे संपते. तुमच्या मुलांच्या शाळेत सोडत झाली का, यादी फलकावर लागली का, एकदा बघून या. जाताना एखाद्या शेजारणीला सोबत घ्या.

प्रार्थना : प्रभू येशू, तू शिष्यांचे पाय धुतलेस आणि पहिल्या जागेसाठी भांडणाऱ्यांमध्ये राहिलास. येत्या शनिवारच्या पालक सभेत ताईंच्या तोंडी नेमके शब्द दे आणि आवाज शांत ठेव. मुख्याध्यापकांना धैर्य दे. दादांचं मन नरम कर. त्या लेकराला शाळेची भीती वाटू देऊ नकोस. आमेन.

उद्याचे वाचन : यहूदाचे पत्र. तेही एकाच अध्यायाचं आहे.